संदर्भ क्रमांक पाच

काका, स. न. वि. वि.

मी मराठवाड्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभागात सहायक प्राध्यापक आहे. पदोन्नतीला एक पेपर कमी पडतोय. विंचूदंश झालेल्या ८६ मुलांचा अभ्यास लिहून तयार होता. तेवढ्यात व्हॉट्सॲपवर एका नियतकालिकाची जाहिरात आली : ‘बहात्तर तासांत प्रकाशन, इम्पॅक्ट फॅक्टर ७.२, गूगल स्कॉलर, रिसर्चगेट आणि इंडेक्स कोपर्निकसमध्ये इंडेक्स्ड, आयएसएसएन आणि एनएलएम आयडी उपलब्ध.’ पेपर पाठवला, दोन दिवसांत स्वीकारलासुद्धा. आता शुक्रवारपर्यंत ४,५०० रुपये भरायचे आहेत. विभागप्रमुख म्हणतात, संदर्भ पंचवीस तरी पाहिजेत आणि त्यांत त्यांचे तीन पेपर घाला. अकरा संदर्भ मी दुसऱ्या एका लेखातून जसेच्या तसे घेतले, दोन मोबाइलवरच्या एआयने दिले. सोबतचे म्हणतात, सगळे असंच करतात. पैसे भरू का? मसुदा आणि स्वीकृतिपत्र सोबत जोडलं आहे.

– एक सहायक प्राध्यापक

डॉक्टरबाई,

पैसे भरू नका. शुक्रवार उलटून जाऊ द्या. घाईचं उत्तर आधी देऊन टाकलं, आता निवांत बोलू.

तुमच्या त्या जाहिरातीत इम्पॅक्ट फॅक्टर सोडला तर बाकी कदाचित खरंही असेल, आणि माणूस फसतो तो तिथेच. ‘इंडेक्स्ड’ म्हणजे नियतकालिक शोधलेखांच्या एखाद्या यादीत नोंदलेलं असणं. पण गूगल स्कॉलर हे शोधयंत्र आहे. लेखासारखं जे दिसेल ते उचलून दाखवतं, पारखत बसत नाही. रिसर्चगेटवर तर लेखक स्वतःच आपला पेपर चढवतात. मोंढ्यात पोतं उतरलं म्हणून मालाची प्रत ठरत नाही, तसंच हे. आयएसएसएन हा नुसता ओळख क्रमांक. एनएलएम आयडी ऐकायला फार भारदस्त वाटतो, कारण एनएलएम म्हणजे अमेरिकेची नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन, वैद्यकीय लेख शोधायचं पबमेड चालवणारी संस्था. पण मी जन्मभर वैद्यकीय महाविद्यालयाचं ग्रंथालय सांभाळलंय, म्हणून सांगतो : आमच्याकडे देणगीत आलेलं, वाळवीनं अर्धं खाल्लेलं पुस्तकसुद्धा दाखल नोंदवहीत चढायचं आणि त्याला दाखल क्रमांक पडायचा. एनएलएम आयडी म्हणजे तसाच कॅटलॉगातला क्रमांक. मेडलाइन या तिच्या निवडक यादीत निवड होणं ही निराळी गोष्ट. त्यासाठी तज्ज्ञांची समिती अंक तपासते आणि बरीच नियतकालिकं परत पाठवते.

आता तो ७.२. तुमच्या स्वीकृतिपत्राच्या माथ्यावर बारीक अक्षरांत छापलंय, ‘वर्ष १, अंक ३’. इम्पॅक्ट फॅक्टरचं गणित शाळकरी आहे. समजा २०२४ चा आकडा काढायचा. तर २०२२ आणि २०२३ मध्ये त्या नियतकालिकानं छापलेल्या लेखांना २०२४ मध्ये किती वेळा संदर्भ म्हणून घेतलं ते मोजायचं, आणि त्याला त्या दोन वर्षांतल्या शोधलेखांच्या संख्येनं भागायचं. १०० लेख आणि २५० संदर्भ असतील तर २.५. हा आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते, तिच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये. १९७५ पासून ही मोजणी चालू आहे. ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’ असली शेपटं लावलेले इम्पॅक्ट फॅक्टर विकत मिळतात. ज्या नियतकालिकाला मागची दोन वर्षंच नाहीत, त्याची सरासरी कशातून काढली? बारसं व्हायचंय अजून अन् हे दहावीचे टक्के सांगायलेत.

इंडेक्स कोपर्निकसची गोष्ट जरा वेगळी आहे, कारण तिच्यापायी आपल्याकडची शहाणी माणसंही अडकली. पोलंडमधली ही यादी. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियानं २०१५ च्या परिपत्रकात स्कोपस, पबमेड, मेडलाइन, एम्बेस, इंडेक्स मेडिकस या शोधलेखांच्या याद्यांबरोबर तिलाही मान्यता दिली. मग काय, जिकडे तिकडे कोपर्निकसवाली नियतकालिकं उगवली. २०२० मध्ये ती मान्य याद्यांतून गेली आणि कौन्सिलच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीतही परत आली नाही. त्या नियमावलीत मेडलाइन, पबमेड सेंट्रल, सायन्स सायटेशन इंडेक्स, एम्बेस, स्कोपस आणि डीओएजे (मोफत वाचता येणाऱ्या नियतकालिकांची यादी) आहेत. (ग्रंथपालाची खोड म्हणून सांगतो : सरकारी मजकुरात स्वल्पविराम असा घसरलाय की ‘सायन्स सायटेशन इंडेक्स एक्स्पांडेड’चं शेपूट तुटून पुढच्या एम्बेसला चिकटलं आणि ‘एक्स्पांडेड एम्बेस’ नावाची, जगात कुठेच नसलेली यादी जन्माला आली. ती मागू नका, मिळणार नाही.) २०२५ मध्ये प्राध्यापकांच्या पात्रतेची नवी नियमावली आली आहे. तुमच्या प्रकरणाला कोणती लागू होते ते आस्थापना शाखेला लेखी विचारा, उत्तरही लेखीच घ्या. आणि पेपरवर तुमचं नाव पहिलं आहे, ते तसंच राहू द्या. लेखकांत तिसऱ्यानंतर गेलं की २०२२ च्या नियमानं धरलं जात नाही, पत्रव्यवहार करणारा लेखक असल्याशिवाय.

आता एक कबुली. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत एक तरुण डॉक्टर सात पेपरांची यादी घेऊन माझ्याकडे आला. ‘काका, इंडेक्स्ड आहेत असं लिहून सही द्या.’ मी त्या नियतकालिकांची मुखपृष्ठं उघडली. खाली ओळीनं बोधचिन्हं लावलेली, लग्नपत्रिकेवर कुलदैवतं असतात तशी. मी सही ठोकली. मुलाखतीत सातांपैकी पाच पेपर बाद झाले. तो भांडला नाही. ग्रंथालयात आला, माझ्या सहीचा कागद टेबलावर ठेवला आणि निघून गेला. तेव्हापासून इंडेक्सबद्दल नियतकालिकाला विचारणं मी सोडलं. नवरदेव कसा आहे ते नवरदेवाच्या घरी विचारून काय कळणार? इंडेक्सच्याच दारात जायचं.

ते अवघडही नाही. मेडलाइनसाठी एनएलएमच्या कॅटलॉगात नियतकालिकाचा आयएसएसएन टाका. त्या पानावर ‘करंटली इंडेक्स्ड फॉर मेडलाइन’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं किंवा नसतं. डीओएजेच्या संकेतस्थळावरही तोच क्रमांक टाका. स्कोपसची यादी पैसे न भरता बघता येते, पण तिथे वर्षं नीट वाचा. कित्येक नियतकालिकं काही वर्षं यादीत होती, मग काढली गेली, आणि जाहिरातीत जुनं बोधचिन्ह अजून मिरवताहेत. शिवाय यादीतल्या पानावरून जो पत्ता उघडतो त्याच संकेतस्थळावर पेपर पाठवा. नामांकित नियतकालिकाच्या नावाची हुबेहूब नकली संकेतस्थळं आहेत, पैसे तिकडे जातात आणि पेपर कुठेच छापला जात नाही.

पबमेडबद्दल एक गैरसमज प्रोफेसरांनाही असतो. पबमेड म्हणजे मेडलाइन नव्हे. मेडलाइन हा पबमेडचा मोठा हिस्सा, पण पबमेड सेंट्रल या मोफत संग्रहातले लेखही पबमेडमध्ये दिसतात. अमेरिकी सरकारच्या पैशांवर झालेल्या एखाद्या संशोधनाचा लेख कुठल्या तरी आडगावच्या नियतकालिकात छापला गेला असेल, तर तो एकटाच तिथे दिसू शकतो. मग ते नियतकालिक छातीठोक सांगतं, ‘आम्ही पबमेडमध्ये आहोत.’ पाव्हणा एक दिवस वाड्यावर जेवला म्हणून त्याचं नाव सातबाऱ्यावर चढत नाही.

हे झालं इंडेक्सचं. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातल्या ४,५०० रुपयांपेक्षा त्या अकरा संदर्भांनीच मला जास्त अस्वस्थ केलं. मसुदा घेऊन बसलो आणि एकेक तपासत गेलो.

संदर्भ क्रमांक पाच. तुम्ही लिहिलंय, ‘विंचूदंशात प्रतिविष दिल्याने मृत्यू कमी होतात हे सिद्ध झाले आहे’, आणि पुढे ५ हा आकडा. यादीत पाचवर आहे २०११ चा ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला हिंमतराव आणि प्रमिला बावसकर यांचा अभ्यास. हिंमतराव आपल्या जालना जिल्ह्यातले, देहेडचे. त्यांनी कोकणात महाड भागात काम केलं आणि विंचूदंशावरचं त्यांचं लेखन १९८२ सालीच लॅन्सेटमध्ये छापून आलं होतं. २०११ चा तो लेख मोफत आहे. मी उघडला. दुसऱ्या श्रेणीचा दंश झालेले ७० रुग्ण, ३५ जणांना नुसतं प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध आणि ३५ जणांना प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष. मुख्य प्रश्न एवढाच की दहा तासांनी किती जण पूर्ण बरे होते. प्रतिविषाच्या गटात ३२, नुसत्या प्राझोसिनच्या गटात ८. मृत्यू कमी होतात का, हा त्या अभ्यासाचा मुख्य प्रश्नच नव्हता. नुसतं प्रतिविष मिळालेला गटही त्यात नव्हता. लेखकांनी जे म्हटलं नाही ते तुम्ही त्यांच्या तोंडी घातलंत. आणि तुम्हीही मुद्दाम घातलं नाहीत. ज्या लेखातून तुम्ही संदर्भ उचलले त्यात हेच वाक्य आहे, बहुधा त्यांनीही कुठून तरी उचललेलं.

‘एवढ्यानं काय होतं’ असं मनात आलं असेल, तर एक खरा किस्सा ऐका. १९८० च्या जानेवारीत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पोर्टर आणि जिक यांचं पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असलेल्या, अफूवर्गीय औषध एकदा तरी दिलेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसन जडल्याची नीट नोंद फक्त चौघांची सापडली, एवढंच त्यात होतं. किती दिवस औषध दिलं, घरी गेल्यावर काय झालं, काही नाही. पुढे लोक त्याचा संदर्भ देत गेले. दाखल रुग्णांची ती गोष्ट घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांना लागू झाली, ‘व्यसन दुर्मिळ’ हे वाक्य सुटं होऊन फिरायला लागलं आणि अमेरिकेत या गोळ्यांची खैरात झाली. २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मोजदाद केली. ६०८ लेखांनी त्या पत्राचा संदर्भ दिला होता. त्यांतल्या ४३९ जणांनी व्यसन दुर्मिळ असल्याचा पुरावा म्हणून, आणि ४९१ जणांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलंच नाही. पत्र जेमतेम पाच वाक्यांचं! मूळ पान उघडून वाचायला एक मिनिट पुरलं असतं.

याहून गमतीशीर दुसरी. एका मोठ्या प्रकाशन कंपनीनं लेखकांना नमुना म्हणून एक काल्पनिक संदर्भ छापून दिला होता : व्हॅन डर गीर आणि मंडळींचा, शास्त्रीय लेख कसा लिहावा यावरचा, साल २०००. असा लेखच नाही, आणि ज्याचं नाव दिलंय ते नियतकालिकही नाही. तरी सुमारे चारशे लेखांत तो संदर्भ म्हणून सापडला.

तुमच्या एआयनं दिलेल्या दोघांची गत तीच. सतरा क्रमांकाच्या संदर्भाचं शीर्षक पबमेडमध्ये टाकलं, काही नाही. डीओआय, म्हणजे लेखाचा ओळख क्रमांक, उघडला तर दुसऱ्याच विषयावरचा लेख निघाला. अठरावा खरा आहे, पण साल आणि पृष्ठं चुकलीत. सतरावा काढून टाका. त्याच्या जागी दुसरा शोधूही नका, ते वाक्य तुमच्याच आकडेवारीवर उभं राहतं.

आणि पंचवीसचा नियम कुणी केला? तुमचे मी वाचून पाहिले ते चौदा संदर्भ पुरेसे आहेत. आमच्या काळी संदर्भ मिळवायचा म्हणजे इंडेक्स मेडिकस या वैद्यकीय लेखांच्या छापील सूचीचे जाडजूड खंड उघडायचे. १८७९ मध्ये जॉन शॉ बिलिंग्ज यांनी ते सुरू केले, २००४ च्या शेवटी छापणं बंद झालं. रात्रपाळी उतरून निवासी डॉक्टर यायचा, बारीक टायपात विषय शोधायचा, चिठ्ठीवर लिहायचा. नियतकालिक आमच्याकडे नसलं की मी दिल्लीच्या नॅशनल मेडिकल लायब्ररीला पत्र टाकायचो. तीन-तीन आठवड्यांनी झेरॉक्स यायची, पोस्टाच्या दुमडीवर अक्षरं पुसलेली. एवढं करून आलेला कागद कुणी न वाचता ठेवत नसे. त्या काळी सगळं छान होतं असं नाही, कित्येकांचे पेपर त्या वाट बघण्यातच मेले. पण यादी फुगवायचा मोह परवडत नव्हता.

विभागप्रमुखांचे तीन पेपर. त्यांतला एक ग्रामीण भागातल्या विषबाधेवरचा आहे, तो तुमच्या चर्चेत खरंच बसतो. वाचा आणि घाला. बाकीचे दोन नवजात बालकांच्या काविळीवरचे. त्यांना जाऊन साधेपणानं विचारा, ‘सर, हे दोन नेमक्या कोणत्या वाक्याला जोडू?’ आवाज चढवू नका, मसुदा पुढ्यात ठेवा. बहुतेक वेळा साहेब हसून विषय बदलतात. नाहीच बदलला तर सांगा की समीक्षक असंबद्ध संदर्भ काढायला लावतात. ते खरंच आहे. शिवाय त्या तिघांना मध्येच घुसवल्यानं तुमचे क्रमांक ५, १९, ६ असे उड्या मारताहेत. व्हँकुव्हर पद्धतीत मजकुरात जो आधी येईल त्याला आधीचा क्रमांक. झोटेरो नावाचं मोफत सॉफ्टवेअर हे आपोआप सांभाळतं.

झोटेरोचा आणखी एक उपयोग मला मोठा वाटतो. मागे घेतलेला, म्हणजे छापून झाल्यावर रद्द ठरवलेला लेख तुमच्या यादीत असेल तर ते लाल पट्टी दाखवतं. कोविडच्या वर्षी, २२ मे २०२० ला लॅन्सेटमध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवरचा लेख आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला. नंतरही लोक तो वापरतच होते. गंमत म्हणजे सायटेशन इंडेक्सची, म्हणजे कोणत्या लेखाचा संदर्भ पुढे कुणी दिला याच्या सूचीची, कल्पना युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली ती अमेरिकी वकिलांकडून उचलून. शेपर्ड्स सायटेशन्स या न्यायालयीन निकालांच्या सूचीत वकील बघायचे की आपण दाखवतोय तो निकाल नंतर फिरवला तर गेला नाही ना. मोजायचं यंत्र तेच, आपण ते पदोन्नतीच्या गुणपत्रिकेला जुंपलं.

आता लगेच करायचं काम. त्या नियतकालिकाला आजच ईमेल करा की पेपर मागे घेते आहे. स्वत्वाधिकाराच्या फॉर्मवर सही केली नसेल तर करू नका. ‘मागे घेण्याचे शुल्क’ मागतील, धमकीवजा लिहितील. द्यायचं नाही, फोन उचलायचे नाहीत, सगळ्या ईमेल जपून ठेवायच्या. विचारल्याशिवाय छापून टाकतील अशीही शक्यता असते, म्हणून पुढच्या ठिकाणी पेपर पाठवताना सोबतच्या पत्रात झालेला प्रकार चार ओळींत लिहा. संपादकांना हे नवं नसतं. शुल्काची अडचण असेल तर डीओएजेवर शुल्क न घेणारी नियतकालिकं वेगळी गाळून बघता येतात. वेळ लागेल, काही महिने. पदोन्नतीची एखादी फेरी चुकू शकते, हे मी गोड करून सांगत नाही.

शेवटचं, तुमच्या कीवर्ड्सबद्दल. तुम्ही ‘विंचू, किड्स, रुरल’ लिहिलंत. मेडलाइनमध्ये विषयांचे ठरीव मथळे आहेत, मेश म्हणतात त्यांना. त्यात ‘स्कॉर्पियन स्टिंग्ज’, ‘प्राझोसिन’, ‘चाइल्ड’, ‘इंडिया’ आहेत, तेच वापरा. मराठवाडा त्या यादीत नाही, तो शीर्षकात ठेवा. आणि तुमच्या दुसऱ्या तक्त्यात दंश कुठे झाला तो रकाना तुम्ही गाळलाय, पण कच्च्या नोंदींत कापसाचा ढीग, सरपण, चप्पल असं सगळं आहे. तो परत घाला. संपादकांनी जागेअभावी काढायला सांगितला तर मला कळवा, तक्ता आटोपशीर कसा करायचा ते बसून बघू.

तुमचा,
लायब्ररीकाका